मॉड केलेली इव्हो, बायकोला न सांगितलेला खर्च आणि मेहुण्याचा दलाल

पत्र डिचोलीहून आलंय. नाव छापू नका म्हणतो, म्हणून नाही छापत. मजकूर थोडक्यात असा:

"काका, माझ्याकडे मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन टेन (इव्हो टेन) आहे. मार्च २०१२ चं गोवा पासिंग. २०१८ साली २४ लाखांना घेतली, मी दुसरा मालक. त्यानंतर मोठा इंटरकूलर, कॅट (धूर शुद्ध करणारा भाग) नसलेला डाउनपाइप, तीन इंची एक्झॉस्ट, कॉइलओव्हर सस्पेन्शन, मोठे इंजेक्टर, फ्युएल पंप आणि २०१९ मध्ये ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यून असे बदल (मॉड) करत ११ लाख घातले. टर्बो कंपनीचाच आहे, इंजिन उघडलेलं नाही. ट्यूनर म्हणाला ३७० अश्वशक्ती. आता घरात बाळ येणार, वडील म्हणतात गणेशचवथीच्या आधी ही धूड दारातून हलव. मी ३८ लाख सांगतोय, लोक १९ च्या वर जात नाहीत. मेहुण्याचा एक दोस्त बेंगळुरूला गाड्यांचा धंदा करतो. तो म्हणतो, फॉर्मवर सह्या करून किल्ली दे, महिन्याभरात पैसे देतो. गाडी स्टॉक करून, म्हणजे कंपनीतून आली तशी परत करून, विकू की आहे तशी? आणि भाव किती धरू? ता. क. बायकोला मॉडचा खर्च चार लाख माहीत आहे."

पोरा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ताज्या कलमात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. चोवीस आणि अकरा पस्तीस, वर आठ वर्षं सांभाळल्याचे तीन, झाले अडतीस. हा आकडा बाजारातून आलेला नाही, तो तुझ्या वहीतून आलाय. सात लाख कधीतरी उघडे पडतील ही धास्ती आहे, आणि ती धास्ती तू गिऱ्हाईकाकडून वसूल करायला निघालायस. गिऱ्हाईकाला तुझ्या घरातलं काही ठाऊक नसतं. त्याला समोर चौदा वर्षांची, दोन हात फिरलेली, कोणीतरी हात घातलेली गाडी दिसते. एक गोष्ट गोव्यात राहून विसरू नकोस. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडच्या कायद्यानं नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणजे गाडीच्या पैशात तिचा अर्धा वाटा आहे, आणि ते सात लाखही अर्धे तिचेच होते. आज संध्याकाळी सांग. ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही. पण त्यानंतर तू जो भाव धरशील तो शुद्धीवरचा असेल.

आता गाडी. इव्हो टेन हौसेनं शोधत येणारी माणसं साधारण दोन जातीची. एकाला कंपनीतून निघाली तशी हवी असते. मित्सुबिशीनं ती बनवायची बंद केली, आता जी आहेत तीच आहेत, म्हणून तो जपून ठेवायला घेतो. दुसऱ्याला ट्रॅकवर न्यायची असते. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगला जाणारा हा गडी. गंमत अशी की मॉडचे पैसे दोघंही देत नाहीत. पहिल्याला ते बिघाड वाटतात. दुसरा म्हणतो, तुझा ट्यूनर कोण जाणे, मी माझ्या माणसाकडून पुन्हा सगळं करून घेणार. गाडीला चिकटलेल्या मॉडला गिऱ्हाईक सापडत नाही. सुटा कॉइलओव्हर सेट, सुटा डाउनपाइप, सुटे इंजेक्टर यांना मात्र सापडतं. कारण देशात जो कोणी अजून इव्हो चालवतो त्याला बाहेरून पार्ट मागवायचा तर कस्टम ड्युटी, वाहतूक आणि दोन महिन्यांची वाट बघणं आलं.

म्हणून माझं मत: मूळ पार्ट तुझ्याकडे असतील (माळ्यावर नक्की असतील, इव्होवाला एक बोल्टही फेकत नाही) तर गाडी स्टॉकच्या जवळ आण आणि मॉडचे पार्ट वेगळे वीक. अकरा लाख परत येणार नाहीत. जे येतील ते मात्र गाडीच्या भावात विरघळून जाण्याऐवजी तुझ्या हातात पडतील.

पण हे काम घाईत गल्लीतल्या गॅरेजला देऊ नकोस. तुझा मॅप (किती पेट्रोल द्यायचं हा ईसीयूतला तक्ता) मोठ्या इंजेक्टरच्या हिशेबानं लिहिलाय. ईसीयूला वाटतं, इंजेक्टर इतका वेळ उघडला की इतकं पेट्रोल पडलं. मॅप तोच ठेवून कंपनीचे छोटे इंजेक्टर बसवलेस तर उघडण्याची वेळ तेवढीच आणि पेट्रोल मात्र कमी. मिश्रण पातळ होतं, टर्बो जोरात असताना नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट, सुरू होतो आणि पिस्टन जातो. अशी गाडी घरून निघताना ठीक वाटते आणि चोर्ल्याचा घाट चढताना संपते. म्हणून इंजेक्टर आणि मूळ मॅप एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून परत बसले पाहिजेत. ट्यूनरनं मूळ फाइल जपून ठेवली आहे का, हे पार्ट खोलण्याआधी विचार. नसेल तर इंजेक्टर, पंप आणि मॅप आहे तसेच राहू दे, बाकीचं परत कर आणि गिऱ्हाईकाला तसं सांग.

आणखी एक. तुझा मॅप २०१९ चा. तेव्हा पंपावरच्या पेट्रोलमध्ये आजच्याइतकं इथेनॉल नव्हतं, आता सगळीकडे वीस टक्के आहे. इथेनॉल मिसळलेलं इंधन तेवढ्याच हवेला जास्त लागतं. शांतपणे चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो. पाय पूर्ण दाबलास की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तक्त्यात लिहिलंय तेवढंच इंधन देतो. म्हणून मॅप कोणत्या इंधनावर केला होता, साध्या की जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर, हे कागदावर लिहून गिऱ्हाईकाला दे. घरी नेताना त्यानं वाटेत साधं पेट्रोल भरून गाडी दामटली आणि इंजिन बसलं, तर पहिला फोन तुला येईल.

३७० चा आकडा जाहिरातीत घालू नकोस. तुझ्याकडे डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद नाही. चाकांवरची अश्वशक्ती की इंजिनातल्या क्रँकवरची हेही ट्यूनरनं सांगितलेलं दिसत नाही, आणि चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत या दोहोंत चांगलंच अंतर पडतं. कंपनीची २९० च्या आसपासची. तेवढं लिही, पुढं "स्टेज टूचे पार्ट होते, वेगळे विक्रीला आहेत" एवढंच. कागद नसलेला आकडा वाचला की जाणता माणूस पान उलटतो आणि अजाण पोरं फोन करत सुटतात.

तेवढ्याच पैशात जास्त भाव आणणारी दोन कामं मी तुझ्या जागी आधी केली असती. पहिलं गिअरबॉक्सचं. भारतात आलेल्या इव्होत टीसी-एसएसटी नावाचा, दोन क्लचवाला आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. तापला की तो दिवे लावून गाडी रांगायला लावतो, आणि क्लच पॅक गेले तर खर्च ऐकून गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. त्याचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलल्याची बिलं असतील तर ती तुझ्या एक्झॉस्टपेक्षा मोलाची. नसतील तर योग्य तेल मागवून आत्ता बदल आणि बिल ठेव. बाजारात मिळेल ते गिअर ऑइल घालू नकोस, त्या गिअरबॉक्सचं तेल वेगळंच असतं.

दुसरं काम आपल्या हवेचं. गाडी वर घेऊन मागचं चाक काढ, आतलं प्लॅस्टिकचं लायनर सोड. मागे अॅल्युमिनियमचा एक पंप दिसेल. मागच्या दोन चाकांत ताकद कमीजास्त वाटून देणारी जी यंत्रणा आहे, एवायसी, तिला दाब देणारा तो पंप. थंड देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तो कुजतो, हे इव्होवाल्यांचं जगभरचं दुखणं. आपल्याकडे मिठाचं काम समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस करतात, आणि डिचोलीत वर लाल चिखलाचा थर बसतो. तू उघडलंस की लायनरच्या कोनात ओल्या विटेच्या रंगाचा गोळा सापडेल, तो पंपाच्या जोडाला चिकटलेला असेल. बोटानं खरवडून खाली पांढरी भुकटी निघते का बघ. निघाली तर कूज सुरू झालीय. धुऊन, वाळवून फोटो काढ आणि जाहिरातीत तोच फोटो दुसरा टाक. इव्हो कळणारा माणूस तो फोटो बघून गाडी पाहायला येईल. बोनेट उघडून पॉलिश मारलेल्या पाइपांच्या फोटोला तो भुलत नाही.

गिऱ्हाईक येईल तेव्हा इंजिन गार ठेव. आधीच चालू करून ठेवलेलं इंजिन दिसलं की शहाणा माणूस बोनेटवर हात ठेवून बघतो आणि घरी जातो. पहिल्या सेल्फला इंजिनातली चेन खडखडते का, धूर कोणत्या रंगाचा, हे त्याला ऐकू आणि दिसू दे. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरचा दाब मोजणं) करायची म्हणाला तर आनंदानं हो म्हण, पैसे त्यानंच द्यायचे. टेस्ट ड्राइव्हला आधी तू चालव, मग त्याला लायसन्स बघून दे. गोव्यात शनिवार-रविवारी "फक्त एक राउंड" मारायला येणारी पोरं खूप. मोपा विमानतळाच्या लिंक रोडवर खेचून दाखव म्हणणारा एकही माणूस आजवर बयाणा देताना मी पाहिलेला नाही.

आता कागदांचं. इथं तुझा मेहुणा मधे येतो.

कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या कागदांवर, सही करून किल्ली द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी हातोहात कितीही फिरली तरी. बेंगळुरूत कुणीतरी ती गाडी कुणाच्या अंगावर घातली तर भरपाईच्या दाव्यात नाव तुझं. २९० अश्वशक्तीच्या गाडीबाबत ही भीती उगाच नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावं लागतं. तसा विक्रेता असेल तर फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर होते आणि जबाबदारी त्याच्याकडे सरकते. मेहुण्याच्या दोस्ताकडे ते पत्र आहे का, एवढा एकच प्रश्न विचार. असेल तर बोलणी करायला हरकत नाही. नसेल तर मेहुण्याला सांग की काकांनी छापून नाही म्हटलंय. सदरावर राग काढू दे, बहिणीच्या घरी येणं तरी थांबणार नाही.

गिऱ्हाईक बाहेरच्या राज्यातलं असण्याचीच शक्यता जास्त. मग फॉर्म २८ भरून आपल्या आरटीओची एनओसी काढावी लागेल. चेसिस नंबरचा पेन्सिलनं उमटवलेला छाप, चलनं भरलेली, विमा आणि पीयूसी चालू, गाडीवर कर्ज होतं तर बँकेचा बोजा उतरलेला. हे सगळं आत्ताच तयार ठेव. गिऱ्हाईकाला तिकडे नव्यानं रोड टॅक्स भरावा लागतो, आणि बाहेर तयार होऊन आलेल्या गाडीला महाराष्ट्रात कराचा दर देशी गाडीपेक्षा चढा आहे. तो तुझ्याशी घासाघीस करतो तेव्हा मनात हा आकडा धरूनच करतो. एकोणीसची बोली ऐकून तुला अपमान वाटला, पण बोली करणारा कदाचित टॅक्स धरून बोलत असेल. विचारून बघ. दिल्लीचं गिऱ्हाईक आलं तर वेळ घालवू नकोस, तिथं पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचं त्रांगडं आहे.

पंधरा वर्षांवरून आठवलं. तुझं पासिंग येत्या मार्चमध्ये संपतंय. नूतनीकरणाला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, पुढची मुदत पाच वर्षांची मिळते, आणि आयात गाडीसाठी हे शुल्क २०२२ मध्ये थेट ४० हजारांवर नेलंय. कॅट काढलेली, तीन इंची एक्झॉस्टची गाडी तिथं उभी करायची हिंमत करू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. गाडी स्टॉक करायला सांगतोय त्यामागं हेही एक कारण आहे. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज घेतात. तोवर गाडी विकली गेली नाही तर नूतनीकरण तूच करून घे. पाच वर्षं पुढं चालणारी आरसी हातात असली की घासाघीस लवकर आटपते.

गाडी कंपनीनं अधिकृतपणे आणून विकलेली आहे, याचा फायदा घे. २०२५ च्या सप्टेंबरात कोची कस्टमनं भूतानमार्गे चोरून आणल्याचा संशय असलेल्या गाड्यांवर धाडी घातल्या तेव्हापासून हौशी गाड्यांचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न कागदांचाच करतं. पहिल्या मालकाचं मूळ इनव्हॉइस मिळवता आलं तर मिळव. पासिंग गोव्याचं म्हणजे तो गोव्यातलाच असेल, एक फेरी मार, जाताना मिठाईचा बॉक्स ने.

पैसे बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीस तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही. "अर्धे रोख देतो, भाव वाढवून देतो" म्हणणारा नेमकं तुलाच अडकवतोय. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय किल्ली सोडू नकोस. बयाणा घेतलास तर एका कागदावर रक्कम, तारीख आणि सौदा मोडल्यास काय, हे लिही. त्याच कागदावर गाडीत काय काय बदललं होतं, काय परत बसवलं आणि काय तसंच आहे, याची यादी देऊन त्याची सही घे. उद्या तो म्हणणार नाही की मला सांगितलं नव्हतं.

भाव? आकडा मी नाही देणार, गाडी न बघता आकडा देणारा एक तर दलाल असतो नाहीतर मेहुणा. रीत सांगतो. स्टॉक स्थितीतली, एसएसटीचं बिल आणि एवायसी पंपाचा फोटो असलेली गाडी करून घे. मग खरोखर घेण्याच्या तयारीत असलेल्या, टॅक्सचा हिशेब कळणाऱ्या तीन माणसांकडून आकडे ऐक. त्यांच्या मधला आकडा म्हणजे तुझ्या गाडीचा भाव. त्यावर थोडं चढवून जाहिरात कर आणि तिथवर उतरायची तयारी ठेव. सुट्या पार्टचे पैसे वेगळ्या वहीत, बायकोसमोर.

चवथीच्या आधी मात्र जमणार नाही, वडिलांना सांग. भर पावसात गाडी दाखवायची कशी, आणि चवथ झाली की पितृपक्ष, तेव्हा आपल्याकडचं गिऱ्हाईक गाडीला हातही लावत नाही. दसऱ्याच्या आठवड्यात जाहिरात टाक. तोवर रस्ते वाळतात, लोकांच्या हातात बोनस येतो, आणि मार्चच्या मुदतीलाही वेळ उरतो. तोवर ती धूड वडिलांच्या नजरेआड, मागच्या पडवीत लाव. फक्त आठवड्यातून एकदा बाहेर काढून वीस मिनिटं चालव, जागेवर उभी ठेवून नुसती भणभणवू नकोस.

सौदा झाला की एनसीबीचं (विम्याचा दावा न केल्याबद्दलच्या सुटीचं) प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घे. ती सूट गाडीची नसते, मालकाची असते, आणि तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला लागते. बाळासाठी जी काही मोठ्या डिकीची गाडी घेशील तिच्या विम्याच्या हप्त्यात ती दिसेल. फास्टॅग काचेवरून काढून बंद कर. बेंगळुरूचे टोल तुझ्या खात्यातून जात राहिले, तर त्याचाही हिशेब घरी द्यावा लागेल.